रिसेप्शनला फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवला : एका सीझनच्या नोंदी

सहा वर्षं ठाणे आणि नवी मुंबईत लग्नं शूट करतेय. राहते कळव्याला. या सीझनला ठरवलं की रिसेप्शनचे फोटो कॅमेऱ्यावर लावलेल्या फ्लॅशने काढायचे नाहीत, लाईट स्टँडवर लावून बाजूने मारायचा. माझ्यासारखंच एका मदतनीसासोबत आणि मोजक्या पैशांत कुणी हे करायला घेतलं, तर त्यांचा वेळ वाचावा म्हणून लिहून ठेवतेय. कॅमेरा निकॉन डी७५०, लेन्स २४-७०. मदतीला मामेभाऊ, वय १९.

१० नोव्हेंबर २०२४

तुळशीचं लग्न दोन-तीन दिवसांवर आलंय, म्हणजे मुहूर्त सुरू होणार. मे महिन्यातल्या एका नवरीने अल्बम बघून विचारलं होतं, "ताई, फोटोत सगळे पासपोर्ट फोटो काढायला बसल्यासारखे का दिसतायत?" तिचं खरं होतं. हॉलचं छत गडद लाकडी होतं, त्यामुळे फ्लॅश वर मारून बाउन्स करायची (छतावरून प्रकाश परतवायची) सोय नव्हती. समोरून थेट मारला, तर चेहरे सपाट आले आणि प्रत्येकाच्या मागे पडद्यावर काळी सावली उमटली. चारशे फोटो तसेच गेले.

आज फोर्टला जाऊन खरेदी केली. गोडॉक्स टीटी६०० फ्लॅश दोन, ११,४०० रुपये. एक्सप्रो ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसून लांबचा फ्लॅश उडवणारा), निकॉनला चालणारा, ५,६००. स्टँड दोन, २,६००. पांढरी छत्री (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारी) आणि ती धरणारे ब्रॅकेट, १,५००. एकूण २१,१००. टीटी६०० मॅन्युअल आहे, म्हणजे पॉवर आपण हाताने ठरवायची; टीटीएल नाही, ज्यात कॅमेरा दर फोटोला ती स्वतः ठरवतो. दुकानदार महागडा टीटीएलवाला घ्या म्हणत होता. पण स्टेजवर लाईट आणि माणसं यांतलं अंतर बदलत नाही, एकदा पॉवर ठरली की ठरली. शिवाय टीटीएल मागच्या चमकणाऱ्या पडद्याला फसतो आणि प्रत्येक फोटोचं एक्सपोजर (उजेडाचं प्रमाण) वेगळं देतो. हा निर्णय सीझनभर बरोबर ठरला.

१७ नोव्हेंबर, पाचपाखाडी

पहिला प्रयोग. एकच लाईट, छत्री लावून स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात. जोडप्याचा पहिला फोटो बघितला आणि आनंद झाला. नवरीच्या गालाला गोलाई होती, शालूचा पदर घडीघडीने दिसत होता. पण पुढच्या तासाभरात तीन गोष्टी बिघडल्या.

पहिली, ग्रुप. डावीकडच्या मावशी पांढऱ्याफटक, उजवीकडचे काका अंधारात. स्टँड डाव्या टोकापासून साधारण २ मीटरवर होता आणि ग्रुप ३ मीटर रुंद, म्हणजे उजवं टोक ५ मीटरवर. प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो, त्यामुळे दोन टोकांत सहा पटींचा फरक पडला. हे रात्री घरी कागदावर मांडलं तेव्हा समजलं. त्याच वेळी स्टँड ३ मीटर मागे नेला असता, तर अंतरं ५ आणि ८ मीटर झाली असती आणि फरक अडीच पटींवर आला असता. त्यातच छत्रीचं तोंड जवळच्या माणसाकडे न ठेवता लांबच्या टोकाकडे वळवलं, की जवळच्यावर फक्त कडेचा प्रकाश पडतो आणि उरलेला फरकही बराच मिटतो.

दुसरी, सेल. ग्रुप सगळा शार्प यावा म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता) १०० आणि एफ ८ (लेन्सचं तोंड लहान) ठेवलं होतं, त्यामुळे फ्लॅश फुल पॉवरवर. साधे अल्कलाइन सेल घातले होते. अर्ध्या तासात रिसायकल (पुन्हा चार्ज) व्हायला पाच-सहा सेकंद लागायला लागले. रांगेतला माणूस पाकीट देतो, हात मिळवतो, फोटो आणि खाली, सगळं मिळून आठ सेकंद. त्यात पाच सेकंद फ्लॅश तयार नाही. अकरा कुटुंबांचे फोटो काळे आले. त्यातले सात जण जेवायला बसलेले सापडले, त्यांना परत स्टेजवर यायची विनंती केली. चार जण निघून गेले होते. नवरीच्या वडिलांना मी हे स्वतः जाऊन सांगितलं.

तिसरी गोष्ट कळायला वेळ लागला. मी बटण दाबत नव्हते आणि फ्लॅश आपोआप उडत होता. मामेभाऊ म्हणाला, "ताई, शॉर्ट झालाय वाटतं." शॉर्ट नव्हता. वरच्या मजल्यावर दुसरं रिसेप्शन होतं आणि तिथल्या फोटोग्राफरचा ट्रिगरही याच जातीचा, आम्ही दोघंही चॅनल १ वर. माझे निम्मे सेल त्याच्या फोटोंसाठी खर्च झाले होते. चॅनल १७ केला आणि बंद झालं. एकापेक्षा जास्त हॉल असलेल्या इमारतीत पोचल्या पोचल्या आधी चॅनल बदला. ट्रिगरवर आणि दोन्ही फ्लॅशवर, तिन्हीकडे.

१८ नोव्हेंबर

एनेलूपचे १६ रिचार्जेबल सेल आणि एक चार्जर, ६,८००. एकूण २७,९००. हा खर्च पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

घरी हॉलमध्ये मामीला खुर्चीत बसवून नवं सेटिंग काढलं. आयएसओ ८००, एफ ४, छत्री ४ मीटरवर, पॉवर १/८. रिसायकल एका सेकंदाच्या आत. आयएसओ वाढवल्याचा दुसरा फायदा असा की, हॉलचा स्वतःचा उजेडही फोटोत येतो. आयएसओ १०० वर मागचा सगळा हॉल काळाकुट्ट आला होता, जणू लग्नाला कुणी आलंच नव्हतं.

२३ नोव्हेंबर, वाशी

विधानसभेच्या निकालाचा दिवस, रस्त्यात मिरवणुका. लोकलने ठाणे-वाशी केलं म्हणून वेळेत पोचलो. जोडपं मात्र तासाभराहून जास्त उशिरा आलं. तेवढ्यात फ्लॅश झोपले. स्लेव्ह मोडमध्ये (ट्रिगरच्या इशाऱ्यावर चालताना) बराच वेळ काही फायर झालं नाही, तर हा फ्लॅश स्वतःहून बंद होतो आणि ट्रिगरवरून परत चालू होत नाही, स्टँडपाशी जाऊन बटण दाबावं लागतं. एन्ट्रीचे पहिले सहा फोटो त्यात गेले. आता थांबायची वेळ आली, की मामेभाऊ दर दहा मिनिटांनी एक टेस्ट फायर मारतो.

मागे एलईडी वॉल होती, त्यावर दोघांची नावं आणि फुलं सरकत होती. शटर १/२०० सेकंदावर वॉलवर आडवे काळे पट्टे. १/१६० वरही थोडे. १/१०० वर गेले. हॉलच्या दिव्यांचं लुकलुकणंही तिथेच थांबतं, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात आणि १/१०० मध्ये एक फेरी पूर्ण पकडली जाते. वॉलचं गणित त्या त्या वॉलवर असतं, तिथे मात्र फोटो काढून बघायचा. माणसं १/१०० वर हलत नाहीत का? स्टेजवर उभी माणसं नाही हलत. त्यांचा मुख्य प्रकाश फ्लॅशचा असतो आणि तो शटरपेक्षा कितीतरी कमी वेळ टिकतो. नाचताना मात्र हातापायांच्या मागे पुसटसा माग येतो. मला तो नाचात आवडतो, ग्रुपमध्ये नको.

१ डिसेंबर, घोडबंदर रोड

आजची नोंद लिहायला जड जातंय.

कासारवडवलीच्या पुढचं लॉन. माजिवड्यापासून मेट्रोच्या कामामुळे गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती, सव्वा तास गेला. पोचलो तेव्हा पाहुणे यायला लागले होते. घाईत स्टँड उभा केला, आठ फूट वर, छत्रीसकट. खाडीकडून वारा होता. पाय पूर्ण फाकवले नाहीत आणि खाली वजन म्हणून काहीच ठेवलं नाही. साडेआठच्या सुमाराला छत्रीत वारा भरला आणि स्टँड स्टेजच्या बाजूला पडला. चार वर्षांची एक मुलगी तिथे फुगा घेऊन खेळत होती. स्टँड तिच्यापासून हातभर अंतरावर पडला.

तिला काही झालं नाही. तिच्या आईने तिला उचललं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मी माफी मागितली, लाईट बंद केला आणि उरलेलं रिसेप्शन कॅमेऱ्यावर दुसरा फ्लॅश लावून काढलं. पडलेल्या फ्लॅशचा पाय, ज्यावर तो ब्रॅकेटमध्ये बसतो, मुळातून तुटला होता. रात्री घरी आल्यावर झोप लागली नाही.

४ डिसेंबर

फ्लॅश दुरुस्तीला दिला. १,२०० रुपये, आठ दिवस.

जुन्या जीन्सचे पाय कापून शिवले, चार पिशव्या. आत प्लॅस्टिकची पिशवी आणि त्यात वाळू, शेजारच्या बांधकामावरच्या मुकादमाने दिली. प्रत्येकी साधारण ५ किलो. दोन पिशव्या एकत्र बांधून स्टँडच्या पायावर खोगिरासारख्या टाकायच्या. जो पाय लाईटच्या दिशेला झुकलेला असेल, त्याच पायावर वजन.

आजपासून पाळायचे नियम, मामेभावालाही पाठ करायला लावले. उघड्यावर छत्री नाही. वजन ठेवल्याशिवाय स्टँड वर जाणार नाही. स्टँडच्या पायांना पिवळी पट्टी, अंधारातही दिसेल अशी. आणि जिथे मुलं खेळतायत तिथे स्टँडच नाही, तिथे डेकोरेटरच्या लोखंडी ट्रसला (सांगाड्याला) क्लॅम्प लावायचा आणि फ्लॅशला सायकलच्या ब्रेकची तार बांधायची, क्लॅम्प निसटला तरी लाईट तारेवर लटकेल. दोन क्लॅम्प आणि तार, १,७००.

८ डिसेंबर, नेरूळ

एकच फ्लॅश हाताशी, तोही व्यवस्थित चालला. पण आज व्हिडिओवाल्या दादांशी खटका उडाला. त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये माझा फ्लॅश उडाला, की अर्धी फ्रेम पांढरी होत होती. त्यांच्या कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो आणि फ्लॅश त्यातल्या काही ओळींपुरताच चमकून जातो, म्हणून आडवा पट्टा येतो. ते म्हणाले, "ताई, हार घालतानाचं माझं फुटेज वाया गेलं. पार्टीला काय दाखवू?"

कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशनेही हेच व्हायचं, पण तेव्हा माझी पॉवर कमी होती आणि दिशा सरळ होती, त्यांना चालून जायचं. आता बाजूने येणारा लाईट त्यांच्या फ्रेममध्ये जास्त टोचतो. जेवताना बसून ठरवलं. एन्ट्री, केक आणि पहिला नाच यांत मी फ्लॅश बंद ठेवेन, त्यांच्या एलईडी पॅनलवर काढेन, आयएसओ ३२०० ला. बदल्यात ते पॅनल समोरून न लावता ४५ अंशांत लावतील. रांग सुरू झाली, की फ्लॅश माझा, कारण तिथे त्यांना मोजकंच फुटेज लागतं. याचा फायदा दोघांनाही झाला. आता प्रत्येक लग्नाच्या आदल्या दिवशी व्हिडिओवाल्यांना फोन करते.

१५ डिसेंबर, नौपाडा

दुरुस्त झालेला फ्लॅश परत. पहिल्यांदा दोन लाईट. छत्रीवाला डावीकडे समोर, ४ मीटरवर, १/८. दुसरा उजवीकडे स्टेजच्या मागच्या कोपऱ्यात, उघडाच (छत्रीशिवाय), ६ मीटरवर, १/३२, जोडप्याच्या डोक्यामागून खांद्यांवर येणारा. काळे केस काळ्या पडद्यात विरघळायचे, ते आता सुटे दिसतात. गजऱ्याची एकेक कळी मोजता येते. या दुसऱ्या लाईटने मला जेवढं समाधान दिलं, तेवढं कुठल्या लेन्सनेही दिलं नव्हतं.

अडचण एकच, मागच्या पडद्यात बिलोरी आरशांचे तुकडे लावले होते आणि छत्री प्रत्येक तुकड्यात दिसत होती. छत्री दोन फूट बाहेर सरकवली, बहुतेक गेल्या. तीन-चार आरसे राहिले, ते डेकोरेटर दादांनी झेंडूच्या माळेखाली झाकून दिले. त्यांना चहा पाजला.

१२ जानेवारी २०२५

पौष. काम नाही, म्हणून सराव.

चष्मा हा या सगळ्या सीझनचा छळ होता. आजोबा स्टेजवर आले, की दोन्ही भिंगांत दोन पांढऱ्या छत्र्या. आज मामांना चष्मा लावून बसवलं आणि स्टँड अर्धा-अर्धा फूट हलवत बघितलं. स्टँड आठ फुटांवरून नऊवर नेला आणि बाजूला आणखी सरकवला, तेव्हा भिंगं रिकामी झाली. पण लाईट जास्त वर गेला, तर भुवयांच्या सावलीत डोळे बुडतात. शेवटी नऊ फूट पक्के केले आणि आजोबांना हनुवटी बोटभर खाली घ्यायला सांगायचं. चष्मा काढा असं कुणालाही सांगायचं नाही. चष्म्याशिवाय त्यांना समोरचं दिसत नाही आणि तो संकोच चेहऱ्यावर उतरतो.

दुसरं काम रंगाचं. हॉलचे दिवे पिवळट, साधारण ३००० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा), फ्लॅश ५६०० च्या आसपास. त्यामुळे चेहरे निळसर आणि मागचा हॉल नारिंगी येत होता. फ्लॅशवर हाफ सीटीओ जेल (नारिंगी पारदर्शक कागद) लावली, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगाचं सेटिंग) ४००० केला. प्रकाश अर्धा स्टॉप (साधारण तीस टक्के) कमी होतो, तो पॉवरने भरून काढला. जेलचा कागद ४५० रुपये, त्यातून दहा तुकडे निघाले. चिकटपट्टीने लावू नका, फ्लॅशच्या तोंडाला डिंक राहतो. मी रबर बँड वापरते.

२ फेब्रुवारी, ऐरोली

माघ लागला, काम सुरू. इथे स्टेजच्या दोन्ही बाजूंना ‘पार’ लाईट (स्टेजचे रंगीत दिवे), जांभळे आणि गुलाबी. मी जेल, पॉवर, अंतर सगळं नीट केलं तरी प्रत्येकाच्या उजव्या गालावर जांभळा डाग. त्यावर फ्लॅशची पॉवर वाढवून मात करायला गेले तर पुन्हा पहिल्या दिवसासारखा काळा हॉल. हे तंत्राने सुटणारं नव्हतं, म्हणून लाईट ऑपरेटरकडे गेले. मुलगा विशीचा होता. त्याला कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर नवरीच्या आईचा फोटो दाखवला, हिरव्या पैठणीची जर जांभळी झालेली. तो लगेच म्हणाला, "रांग असेपर्यंत वॉर्म लावतो, ताई. नाच सुरू झाला की माझे कलर येणार." मला तेवढंच हवं होतं. पाऊण तास पिवळा उजेड मिळाला आणि त्या पाऊण तासात २१० फोटो झाले, एकही काळा नाही.

पैठणीवरून एक गोष्ट. जर लाईटच्या थेट वाटेत आली, की पांढरी होऊन जाते आणि नक्षी नाहीशी होते. छत्रीचं तोंड चेहऱ्याच्या थोडं वर धरलं तर पदरावर खालचा मंद भाग पडतो. नवरीच्या आईने पदरावरचे मोर वर्षभर निवडून घेतलेले असतात, ते फोटोत दिसलेच पाहिजेत.

१६ फेब्रुवारी, ठाणे पूर्व

आज काहीच बिघडलं नाही, म्हणून वेळ लिहून ठेवते. हॉलवर पाहुण्यांच्या दीड तास आधी. स्टँड, वजन, क्लॅम्प यांना २५ मिनिटं. मामेभावाला स्टेजवर डावीकडे, मधे, उजवीकडे उभं करून एक्सपोजर बघायला १०. व्हिडिओवाले, डेकोरेटर आणि लाईट ऑपरेटर यांच्याशी बोलायला १५. सुरुवातीला मी हे बोलणं वगळायचे आणि तो वेळ दुपटीने जायचा. साडेतीन तासांत प्रत्येक फ्लॅशचे सेल एकदाच बदलले, तेही रांग मोडल्यावर.

नऊच्या सुमाराला नवऱ्याच्या पणजी आल्या, खुर्चीत बसवूनच वर आणलं. नऊवारी, डोक्यावर पदर, नाकात मोत्यांची नथ. त्यांनी वाकलेल्या नवरीच्या गालांवरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. लाईट डावीकडून येत होता, म्हणून हाताच्या शिरा, बांगड्यांच्या मधली सैल कातडी आणि नथीची गालावर पडलेली छोटी सावली, सगळं आलं. समोरून मारला असता तर यातलं काही राहिलं नसतं. हा फोटो मी क्रॉप केलेला नाही.

सीझनचा एकूण खर्च दुरुस्ती आणि किरकोळ धरून ३१,२५०. दोन कामांत या लाईटमुळे तीन-तीन हजार जास्त मिळाले, बाकीच्यांत जुनाच दर.

२२ फेब्रुवारी

पुढचं रिसेप्शन अक्षय्य तृतीयेचं, ३० एप्रिल, खारघर. आज हॉल बघून आले. छत ११ फूट, पांढरं, म्हणजे मागचा लाईट उघडा न ठेवता छतावर बाउन्स करता येईल का ते बघायचंय. स्टेजच्या डावीकडे स्टँडला जागा नाही, तिथे आइस्क्रीमचा काउंटर लागतो आणि मुलांची गर्दी तिथेच असणार. म्हणून छत्री उजवीकडे, आणि डावीकडच्या खांबावर क्लॅम्प. मॅनेजर काकांनी खांबाला क्लॅम्प लावायची परवानगी दिलीय, खाली रबर घालायच्या अटीवर. जुन्या सायकलची ट्यूब कापून ठेवलीय. वाळूच्या एका पिशवीची शिवण उसवलीय, ती मामीकडे दिलीय.